जाहिरातदारांच्या कात्रीतून वाट काढणारा लेखक : रॉड सर्लिंग

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचू लागली, तेव्हा तिच्यासाठी लिहिणाऱ्यांकडे साहित्याच्या जगात फारशा आदराने पाहिले जात नसे. रंगभूमीवर ज्याला जागा मिळाली नाही आणि चित्रपटांनी ज्याला विचारले नाही, तो या नव्या पेटीकडे वळतो, असा एक समज होता. तो समज खोटा ठरवणाऱ्या मोजक्या लेखकांत रॉड सर्लिंग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. नाटककार, पटकथाकार, निर्माता, निवेदक आणि अध्यापक अशा अनेक भूमिका त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत निभावल्या. ‘ट्वायलाइट झोन’, म्हणजे संधिप्रकाशाचा प्रदेश, या मालिकेमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. परग्रहवासी, भुते, बोलत्या बाहुल्या आणि काळाच्या पोटात हरवलेली माणसे यांनी भरलेली ही मालिका अनेकांनी करमणूक म्हणून पाहिली. तिच्यामागची धडपड मात्र वेगळीच होती. जे सरळ शब्दांत सांगू दिले जात नव्हते, ते सांगण्यासाठी एका लेखकाने शोधलेली ती आडवाट होती. सर्लिंग यांच्या निधनाला आता अर्धशतक उलटले आहे. तरी ही वाट त्यांना का शोधावी लागली, हा प्रश्न जुना झालेला नाही.

रॉड सर्लिंग यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब त्याच राज्यातील बिंगहॅम्टन या गावी स्थलांतरित झाले. वडिलांचे किराणा दुकान होते. महामंदीच्या काळात ते बंद पडल्यावर त्यांनी मांसविक्रीचा व्यवसाय पत्करला. परिस्थिती बेताची असली तरी घरात वाचनाचे आणि गप्पांचे वातावरण होते. थोरले बंधू रॉबर्ट पुढे विमानवाहतुकीवर लिहिणारे पत्रकार आणि कादंबरीकार म्हणून ओळखले गेले. धाकटे रॉड अखंड बोलणारे, नकला करणारे, पाहिलेल्या चित्रपटातील संवाद घरी येऊन सगळ्या पात्रांच्या आवाजात म्हणून दाखवणारे होते. शाळेत ते वादविवादात चमकले आणि शालेय वृत्तपत्राचे संपादनही त्यांनी केले. त्याच वयात, ज्यू असल्याच्या कारणावरून विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने त्यांना प्रवेश नाकारला. पूर्वग्रहाची ही पहिली ओळख त्यांच्या मनातून कधी पुसली गेली नाही. बिंगहॅम्टनमधील उद्यान, तेथील फिरते लाकडी घोडे आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी यांची ओढही त्यांना जन्मभर पुरली.

१९४३ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण होताच ते सैन्यात दाखल झाले. हिटलरच्या सैन्याशी लढण्याची त्यांची इच्छा होती. परंतु ५११ व्या पॅराशूट रेजिमेंटबरोबर त्यांची रवानगी प्रशांत महासागराच्या आघाडीवर झाली. अंगकाठीने लहान असूनही प्रशिक्षणाच्या काळात त्यांनी मुष्टियुद्धाच्या फ्लायवेट गटात अनेक सामने खेळले आणि नाकही फोडून घेतले. फिलिपिन्समधील लेटे बेटावरच्या चिखलात आणि पावसात त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांचे तारुण्य एका फटक्यात संपवले. डोंगरातल्या उपाशी सैनिकांसाठी विमानातून टाकलेल्या अन्नाच्या खोक्याखाली सापडून, सोबत्यांना हसवत असलेला एक सहकारी त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावला. ज्याने जगवायचे त्यानेच मारले, हा दैवाचा क्रूर विनोद त्यांच्या असंख्य कथांच्या शेवटी पुन्हा पुन्हा डोकावतो. युद्धात ते जखमी झाले. त्यांना ‘पर्पल हार्ट’ आणि ‘ब्राँझ स्टार’ ही पदके मिळाली. वडील हृदयविकाराने गेले, तेव्हा अंत्यविधीसाठी त्यांना रजा मिळाली नाही. युद्ध संपल्यानंतरही वर्षानुवर्षे ते रात्री दचकून जागे होत. लिहिण्याची सुरुवात त्यांनी या आठवणींचे ओझे हलके करण्यासाठी केली.

माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणसवलतीच्या आधारे त्यांनी ओहायो राज्यातील अँटिऑक महाविद्यालयात प्रवेश घेतला. प्रथम शारीरिक शिक्षण हा विषय निवडला होता, तो सोडून ते साहित्याकडे वळले. तेथेच कॅरोल क्रेमर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९४८ मध्ये दोघांचा विवाह झाला. संसाराला पैसे कमी पडत, म्हणून नव्या पॅराशूटची चाचणी घेण्यासाठी विमानातून उड्या मारण्याचे धोक्याचे कामही त्यांनी केले. रेडिओसाठी ते सतत लिहीत होते. एका स्पर्धेत पारितोषिक मिळाले. पण त्याआधी आणि नंतरही नकाराच्या चिठ्ठ्यांची कमतरता नव्हती. १९५० मध्ये पदवी मिळाल्यावर सिनसिनाटीच्या एका प्रसारण केंद्रात त्यांनी नोकरी धरली. दिवसा जाहिरातींचा आणि कार्यक्रमांचा ठरावीक मजकूर लिहायचा आणि रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर स्वतःची नाटके, असा त्यांचा क्रम होता. अखेर नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक होण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि पत्नीसह न्यूयॉर्कजवळच्या कनेटिकटमध्ये मुक्काम हलवला.

ते अमेरिकी दूरचित्रवाणीचे एक विलक्षण दशक होते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून दर आठवड्याला नवी नाटके थेट प्रक्षेपित होत. नटाचा शब्द चुकला, दार अडकले, दिवा पडला, तरी ते देशभर दिसत असे. चूक पुसण्याची सोय नव्हती. नाटक झाले की ते हवेत विरून जाई. अशा व्यवस्थेत लेखकांची मागणी मोठी होती आणि नव्या माणसाला संधीही मिळे. १२ जानेवारी १९५५ रोजी ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ या कार्यक्रमात सर्लिंग यांचे ‘पॅटर्न्स’ हे नाटक सादर झाले. त्यापूर्वी त्यांच्या सत्तरहून अधिक संहिता प्रसारित किंवा लिहून झाल्या होत्या, तरी त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. एका मोठ्या कंपनीचा निर्दय प्रमुख आपल्या वृद्ध, सज्जन सहकाऱ्याला रोज अपमानित करून बाहेर ढकलू पाहतो आणि त्याच्या जागी आणलेला तरुण हे सारे पाहत राहतो, एवढीच त्याची कथा. मोठ्या कार्यालयांत काम करणाऱ्या हजारो प्रेक्षकांना त्यात आपलेच कार्यालय दिसले. नाटकाचे इतके कौतुक झाले की, महिन्याभरात तोच नटसंच पुन्हा जमवून ते दुसऱ्यांदा थेट सादर करण्यात आले. त्या काळात ही अपूर्व गोष्ट होती. सर्लिंग यांना पहिले ‘एमी’ पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या घरचा दूरध्वनी खणखणू लागला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, ‘प्लेहाउस ९०’ या नव्या कार्यक्रमासाठी त्यांनी ‘रेक्विम फॉर अ हेवीवेट’ लिहिले. दीड तासाचे हे नाटक एका थकलेल्या मुष्टियोद्ध्याचे होते. वैद्यकीय कारणाने त्याला रिंगण सोडावे लागते. ठोसे मारणे आणि खाणे याखेरीज त्याला दुसरे काही येत नाही. आणि ज्या व्यवस्थापकावर त्याने बापासारखा विश्वास टाकला, तोच त्याला कर्ज फेडण्यासाठी विकायला निघतो. जॅक पॅलन्स यांनी ती भूमिका साकारली. स्वतः रिंगणात उतरलेल्या लेखकाने लिहिल्याची खूण त्या नाटकाच्या प्रत्येक प्रवेशात होती. त्याला ‘एमी’ मिळाले आणि ‘पीबॉडी’ सन्मानही मिळाला. पुढच्या वर्षी ‘द कॉमेडियन’ या नाटकासाठी सलग तिसरे ‘एमी’ त्यांच्याकडे आले. पस्तिशीही न गाठलेला हा लेखक दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक मानधन घेणाऱ्यांपैकी एक बनला.

यशाबरोबर एक जाच सुरू झाला. त्या काळी कार्यक्रमांचा खर्च प्रायोजक कंपन्या उचलत आणि त्यामुळे संहितेवर त्यांचा हक्क चाले. कथा रंगवावी लेखकाने आणि तिच्यावर कात्री चालवावी साबण, मोटारी किंवा सिगारेट विकणाऱ्यांनी, असा रिवाज होता. ‘रेक्विम’मध्ये एका पात्राने काडी मागितली, तर ते वाक्य गेले, कारण एक प्रायोजक सिगारेट पेटवण्याचे लायटर बनवणारा होता. दुसऱ्या एका लेखकाच्या, न्युरेंबर्ग खटल्यावरील नाटकात नाझींच्या विषारी वायूचा उल्लेख प्रक्षेपणाच्या वेळी दाबून टाकण्यात आला. कारण तेथे प्रायोजक गॅस कंपन्यांची संघटना होती. असले प्रकार ऐकताना हसू येते. परंतु विषय गंभीर झाला की, हीच कात्री हास्यास्पद राहत नसे. कोणताही ग्राहक दुखावू नये, देशाच्या कोणत्याही भागात माल कमी खपू नये, या एका कसोटीवर संपूर्ण नाटक तोलले जाई.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली. शिकागोहून तो नातेवाइकांकडे सुट्टीसाठी आला होता. एका गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याच्या आरोपावरून त्याला रात्री घरातून उचलून नेण्यात आले. पुढे केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेने सर्लिंग अस्वस्थ झाले. एक संपूर्ण गाव खुनी माणसाला कसे पाठीशी घालते, हे त्यांना दाखवायचे होते. दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय मुलाची कथा चालणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी बळी पडलेल्या पात्राला वृद्ध ज्यू केले. एवढी तडजोड करूनही नाटकाचा संबंध टिल प्रकरणाशी असल्याची बातमी वृत्तपत्रांत आली आणि दक्षिणेतील वर्णद्वेषी संघटनांनी बहिष्काराच्या धमक्या दिल्या. मग कात्री चालू झाली. गाव दक्षिणेतून उचलून ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आले. मृत माणूस कोण, कोठला, हे धूसर करून तो नुसता परका ठेवण्यात आला. दक्षिणेची आठवण होईल म्हणून कोकाकोलाच्या बाटल्यासुद्धा दृश्यातून हटवण्यात आल्या. एप्रिल १९५६ मध्ये ‘नून ऑन डूम्सडे’ या नावाने जे प्रक्षेपित झाले, त्यात राग कोणाचा, कशासाठी, हेच प्रेक्षकाला कळेनासे झाले होते.

सर्लिंग यांनी विषय सोडला नाही. दोन वर्षांनी ‘प्लेहाउस ९०’साठी त्यांनी तीच कथा नव्याने लिहिली. पुन्हा वाटाघाटी झाल्या, पुन्हा पाने फाडली गेली. अखेर जून १९५८ मध्ये ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ पडद्यावर आले, तेव्हा घटना जवळपास नव्वद वर्षे मागे, १८७० च्या दशकातील नैऋत्य अमेरिकेत गेली होती आणि जमावाने मारलेला मुलगा मेक्सिकन झाला होता. नाटकाला प्रशंसा मिळाली. तरी मिसिसिपीतील मुलगा दुसऱ्यांदा पडद्याबाहेरच राहिला होता. राजकारणाच्या बाबतीतही अनुभव निराळा नव्हता. सिनेटवर आधारलेल्या त्यांच्या ‘द अरेना’ या नाटकातील सिनेटरांना देशासमोरच्या एकाही खऱ्या प्रश्नावर बोलण्याची मुभा नव्हती. हेच नाटक शंभर वर्षे पुढे नेऊन सभागृहात यंत्रमानव बसवले असते, तर अधिक मोठ्यांसारखे बोलता आले असते, असे सर्लिंग यांनी पुढे खेदाने लिहून ठेवले. खेदाच्या त्या उद्गारातच त्यांच्या पुढील वाटेचे बीज होते.

१९५८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची ‘द टाइम एलिमेंट’ ही संहिता प्रसारित झाली. सीबीएस वाहिनीने ती विकत घेऊन कपाटात टाकली होती. एका निर्मात्याने ती बाहेर काढली. त्यातील नायक स्वप्नात वारंवार ६ डिसेंबर १९४१ या दिवशी होनोलुलूला पोहोचतो आणि उद्या पर्ल हार्बरवर हल्ला होणार आहे, हे लोकांना परोपरीने सांगतो. पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रेक्षकांची हजारो पत्रे आली. चमत्कारिक कथेला प्रौढ प्रेक्षक मिळू शकतो, हे वाहिनीच्या लक्षात आले आणि तिने एका मालिकेला हिरवा कंदील दाखवला. सर्लिंग यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. न्यूयॉर्क राज्यातील ज्या सरोवराकाठी त्यांचे उन्हाळी घर होते, त्या कायुगा सरोवराचे नाव तिला दिले. २ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘ट्वायलाइट झोन’चा पहिला भाग दिसला. त्याच्या काही दिवस आधीच्या एका गाजलेल्या मुलाखतीत, आपण आता वादाचे सामाजिक विषय हाताळणार नाही, असे सर्लिंग यांनी सांगून टाकले होते. गंभीर नाटकाचा एक सेनापती शस्त्रे खाली ठेवून पोरखेळाकडे वळला, असे अनेकांना वाटले.

प्रत्यक्षात शस्त्रे म्यानात गेली, एवढेच. मराठी वाचकाला अन्योक्ती हा अलंकार परिचित आहे. बोलायचे एकाला आणि लागावे दुसऱ्याला. सर्लिंग यांनी या अलंकाराचे संपूर्ण मालिकेत रूपांतर केले. मार्च १९६० मध्ये प्रसारित झालेल्या मेपल स्ट्रीटवरील राक्षसांच्या कथेत एका शांत वस्तीतील वीज अचानक जाते. परग्रहावरचे लोक माणसांच्या वेषात वस्तीत राहत असावेत, अशी कुजबुज सुरू होते. ज्याची मोटार आपोआप सुरू झाली तो संशयित, जो रात्री आकाश पाहतो तो संशयित. तासाभरात शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखतो. शेवटी कळते की, टेकडीवर बसलेल्या परग्रहवासीयांनी फक्त दिवे मालवले होते, उरलेले काम माणसांनीच केले. कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या मोहिमेत मित्रांनी मित्रांची नावे दिल्याची जखम तेव्हा अमेरिकेत ताजी होती. जमावाने निरपराध्याला घेरण्याची हीच कथा मिसिसिपीच्या नावाने दोनदा कापली गेली होती. परग्रहाच्या नावाने तिच्यावर कोणी बोट ठेवले नाही.

अशी उदाहरणे अनेक देता येतील. ‘आय ऑफ द बिहोल्डर’मध्ये एका स्त्रीच्या चेहऱ्यावरील पट्ट्या सुटतात. कुरूप म्हणून जिच्यावर शस्त्रक्रिया झाली ती आपल्या दृष्टीने सुंदर असते आणि भोवतालचे डॉक्टर विद्रूप. एका साच्यातील चेहरे मागणाऱ्या राज्यसत्तेचे ते चित्र होते. १९६१ मध्ये, जेरुसलेमला आइकमन खटला चालू असलेल्या वर्षी, डाखाऊच्या छळछावणीत परतलेल्या एका नाझी अधिकाऱ्यावर मृत कैदी खटला चालवतात, ही कथा त्यांनी लिहिली. ‘हीज अलाइव्ह’मध्ये अमेरिकेतील एका क्षुद्र द्वेषप्रचारकाला अंधारात उभी असलेली आकृती भाषणाचे धडे देते आणि ती आकृती हिटलरची निघते. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर लिहिलेल्या कथेत एका गावात फाशीच्या दिवशी सूर्य उगवतच नाही. माणसांच्या मनातील द्वेष अंधार होऊन पसरतो. लेटे बेटावरच्या आठवणींनाही येथे जागा मिळाली. मरणार असलेल्या सैनिकांच्या चेहऱ्यावर आधीच प्रकाश पाहणारा लेफ्टनंट, किंवा जपानी सैनिकांवर शेवटचा हल्ला करायला उतावीळ झालेला आणि एका क्षणी स्वतःच जपानी अधिकारी होऊन पलीकडची बाजू पाहणारा तरुण, ही पात्रे त्याच चिखलातून आली होती.

सगळेच भाग असे जळजळीत नव्हते. सर्लिंग यांच्या स्वभावात गतकाळाविषयीचा एक हळवा कोपरा होता. ‘वॉकिंग डिस्टन्स’मधील थकलेला जाहिरात-अधिकारी चालत चालत आपल्या बालपणीच्या गावी पोहोचतो आणि तेथे लहानपणीचा स्वतःच त्याला फिरत्या घोड्यांवर बसलेला दिसतो. गाव काल्पनिक असले, तरी उद्यान बिंगहॅम्टनचे आहे, हे ओळखायला वेळ लागत नाही. पाच हंगामांत मालिकेचे १५६ भाग झाले; त्यांपैकी ९२ सर्लिंग यांनी लिहिले. उरलेल्यांत रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स ब्यूमाँट या समर्थ लेखकांचा वाटा मोठा होता. शिवाय गडद सूट घातलेले, बोटांत सिगारेट धरलेले, शब्द दातांआड दाबून बोलणारे सर्लिंग दुसऱ्या हंगामापासून पडद्यावर निवेदक म्हणून दिसत. लेखकाचा चेहरा प्रेक्षकांनी ओळखावा, ही दूरचित्रवाणीवर दुर्मीळ गोष्ट होती. प्रायोजकांचा जाच पूर्णपणे थांबला नव्हता. ब्रिटिश जहाजावरील पात्राने चहा मागवण्याला कॉफी विकणाऱ्या प्रायोजकाने हरकत घेतल्याचा किस्सा त्याच मालिकेचा. पण कथेच्या गाभ्याला कोणी हात लावला नाही, कारण गाभा कोठे आहे हे त्यांना दिसलेच नाही.

या आडवाटेची किंमत मात्र नाकारता येत नाही. द्वेष वाईट, हे मालिकेने शंभर रूपांत सांगितले. परंतु त्या देशात, त्या वर्षांत, कोण कोणाचा द्वेष करत होते, हे नाव घेऊन सांगणे तिला क्वचितच जमले. मेपल स्ट्रीटवरचा प्रत्येक रहिवासी गोरा होता. परग्रहवासीयांची भीती पाहून हळहळलेल्या प्रेक्षकाने ती कथा स्वतःच्या गल्लीला लावली असेलच, याची खात्री कोण देणार? सर्लिंग यांना ही मर्यादा ठाऊक असावी. ‘द बिग टॉल विश’सारख्या भागात त्यांनी प्रमुख भूमिका कृष्णवर्णीय कलावंतांना दिल्या, तेव्हा ते दृश्य अमेरिकी पडद्यावर विरळा होते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर सरळ बोलणारी त्यांची दोन्ही नाटके आज अभ्यासकांखेरीज फारशी कोणी पाहत नाही आणि मेपल स्ट्रीटची कथा अमेरिकेतील शाळांत मुले वाचतात. कोणत्या वाटेने अधिक सत्य पोहोचले, याचा हिशेब सोपा नाही.

मालिकेने लेखकालाही पिळून काढले. ध्वनिमुद्रण यंत्रासमोर येरझारा घालत, सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः म्हणत ते संहिता सांगत आणि त्यांची सचिव ती टंकलिखित करी. आठवड्यामागून आठवडे हा रहाटगाडगा चालला. सिगारेटींची पाकिटे संपत आणि कथांतील ताजेपणाही संपत चालल्याचे त्यांना स्वतःला जाणवत होते. १९६४ मध्ये मालिका बंद झाली. पुढे सर्लिंग यांनी तिच्यातील आपला वाटा वाहिनीला विकून टाकला. खर्च कधी भरून निघणार नाही, असा त्यांचा समज झाला होता. तो समज पूर्ण चुकीचा ठरला. मालिकेच्या पुनःप्रक्षेपणांनी पुढे अमाप पैसा मिळवला आणि त्यातला वाटा तिच्या जनकाच्या पदरी पडला नाही.

त्यानंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. अमेरिकेत लष्करी उठावाचा कट शिजतो, या विषयावरील ‘सेव्हन डेज इन मे’ या १९६४ च्या चित्रपटाची पटकथा त्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या कार्याला पाठबळ देणारे एक नाताळ-नाट्य त्यांनी लिहिले. यादवी युद्धातून परतलेल्या एकाकी घोडेस्वाराची ‘द लोनर’ ही मालिका त्यांनी निर्माण केली. वाहिनीला गोळीबार हवा होता आणि सर्लिंग यांना माणूस, त्यामुळे ती एकाच हंगामात संपली. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या पटकथेवर मायकेल विल्सन यांच्यासह त्यांचे नाव आहे. वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दाखवून वानरांचा हा परग्रह म्हणजे आपलीच उद्ध्वस्त पृथ्वी, हे उघड करणारा त्याचा शेवट चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झाला.

शब्दाचा परिणाम लेखकाच्या हातात राहत नाही, याचा कटू अनुभवही त्यांना आला. १९६६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘द डूम्सडे फ्लाइट’ या दूरचित्रपटात, विमान ठरावीक उंचीखाली आले की फुटेल असा बॉम्ब ठेवून विमानकंपनीकडे खंडणी मागितली जाते. प्रक्षेपणानंतर विमानकंपन्यांना खरोखरच्या धमक्या येऊ लागल्या. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात याच युक्तीची नक्कल करून क्वांटास कंपनीकडून ५ लाख डॉलर उकळण्यात आले. हा चित्रपट आपण लिहायलाच नको होता, अशी खंत सर्लिंग यांनी जाहीरपणे व्यक्त केली. प्रायोजकांना लेखकाच्या जबाबदारीची आठवण करून देणाऱ्या माणसाने ती जबाबदारी स्वतःच्या बाबतीतही टाळली नाही.

१९७० मध्ये ‘नाइट गॅलरी’ ही नवी मालिका सुरू झाली. तिच्या प्रारंभीच्या चित्रपटातील एक कथा स्टीव्हन स्पीलबर्ग नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने दिग्दर्शित केली होती. याही मालिकेत सर्लिंग पडद्यावर निवेदक म्हणून दिसत. पण निर्मितीचे अधिकार त्यांनी या वेळी हाती ठेवले नव्हते. त्यांच्या संहिता बाजूला सारल्या जाऊ लागल्या, गंभीर कथांच्या मधे उथळ विनोदी तुकडे घुसवले जाऊ लागले. नाव आणि चेहरा त्यांचा, निर्णय दुसऱ्यांचे, अशी अवस्था झाली. तरीही तिच्यातील, पाडल्या जाणाऱ्या एका जुन्या मद्यगृहाभोवती फिरणारी एकाकी विक्रेत्याची कथा त्यांच्या उत्तम लेखनात गणली जाते. उत्तरायुष्यात ते जाहिरातींतही दिसू लागले. जाहिरातदारांशी झुंजलेल्या लेखकाने त्यांचाच माल विकावा, यातील विसंगती त्यांच्यापासून लपलेली नव्हती. पैशाची सवय लागलेला लेखक कसा घसरत जातो, यावर त्यांनी १९५९ मध्येच ‘द व्हेल्व्हेट ॲली’ हे नाटक लिहून ठेवले होते.

समाधान त्यांना मिळाले ते वर्गात. इथाका महाविद्यालयात ते लेखन शिकवत. विद्यार्थ्यांसमोर स्वतःच्या जुन्या भागांची चिरफाड करताना त्यांना संकोच वाटत नसे. उलट आपल्या लेखनावर सर्वांत कठोर टीका ते स्वतःच करत. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ते जाहीरपणे बोलत राहिले. कायुगा सरोवराकाठचे घर, पत्नी आणि दोन मुली हे त्यांचे विश्रांतिस्थान होते. मात्र दिवसाला सिगारेटची कित्येक पाकिटे आणि वर्षानुवर्षांचा ताण यांनी शरीर आतून खचले होते. मे १९७५ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जूनमध्ये रॉचेस्टर येथील रुग्णालयात हृदयावर शस्त्रक्रिया करण्यात आली. ती त्यांना मानवली नाही. २८ जून १९७५ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सरोवरापासून जवळच, इंटरलेकन येथे त्यांना दफन करण्यात आले.

आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत सर्लिंग यांचे स्वतःविषयीचे मत फार नम्र होते. आपले लेखन त्या त्या वेळेपुरते ठीक होते, काळाच्या कसोटीला ते उतरणार नाही, असे त्यांना वाटे. लेखक म्हणून कोणी आठवण काढली तरी पुरे, अशी त्यांची अपेक्षा होती. सहा ‘एमी’ पारितोषिके मिळवलेल्या माणसाचा हा अंदाज चुकला. ‘ट्वायलाइट झोन’ पुढे अनेकदा नव्या रूपात पडद्यावर आली आणि मूळ कृष्णधवल भाग आजही जगभर पाहिले जातात. बिंगहॅम्टनच्या उद्यानात त्यांच्या ‘वॉकिंग डिस्टन्स’ची आठवण जपणारा फलक आहे. दूरचित्रवाणीवरील लेखकाला मालिकेचा कर्ता मानण्याची आज रूढ झालेली प्रथा ज्यांनी घडवली, त्यांत ते आरंभीचे होते. प्रायोजकाने दृश्यातून हटवलेल्या त्या बाटल्या आणि नकाशावरून पुसलेले ते दक्षिणेतील गाव आज सर्लिंग यांच्या चरित्रामुळेच लोकांना ठाऊक आहे. आणि ज्या मुलाचे नाव त्यांना पडद्यावर घेता आले नाही, त्या एमेट टिलचे नावही त्यांच्या कथेबरोबर प्रत्येक वेळी सांगितले जाते.